अर्थाला धक्का न लावता

न्यूयॉर्कच्या ५६व्या रस्त्यावर लँगडन नावाचं एक हॉटेल होतं. आता ते नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमची काही तरुण मंडळी तिथे दिवसा खोल्या घेऊन थोडं झोपत आणि रात्री ५७व्या रस्त्यावरच्या इमारतीतल्या ७०४ संगणकावर जाऊन बसत. जास्तीत जास्त वेळ यंत्र मिळवायचं तर रात्रीच जागायला हवं होतं. जॉन बॅकस त्यांचा म्होरक्या. फोरट्रान भाषेचा कम्पायलर जुळवण्याचं काम चाललं होतं. माणसाने बीजगणितासारखी सूत्रं लिहायची आणि कम्पायलरने त्यांचं यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करायचं. जाणकारांनी नाकं मुरडली होती. हाताने घोटून लिहिलेल्या आज्ञांच्या तोडीचा कोड यंत्र लिहील, हे कोणाला पटत नव्हतं. म्हणून बॅकसच्या गटाने नुसत्या भाषांतरावर भागवलं नाही. प्रोग्राममधल्या आज्ञा इकडच्या तिकडे कर, फुकटची कामं गाळ, हेही त्यांनी कम्पायलरला शिकवलं. एप्रिल १९५७मध्ये तो ग्राहकांच्या हाती पडला आणि शंकेखोर गप्प झाले.

पुढे बॅकसने या दिवसांबद्दल लिहिताना एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. कम्पायलरने काढलेला कोड वाचताना त्याचे कर्तेच दचकत. आज्ञा अशा काही हललेल्या असत की हे चुकलंच असणार असं वाटे. मग नीट बसून तपासलं की कळे, बरोबर आहे.

तपासणारा तिथे बसलेला होता म्हणून ते कळलं. पण दचकण्याला कारण होतं. समजा एका लूपमध्ये दर फेरीला तोच भागाकार होतो आहे. हजार फेऱ्या, हजार भागाकार, उत्तर एकच. शहाणा कम्पायलर तो भागाकार लूपच्या बाहेर काढून एकदाच करेल. आता समजा काही वेळा लूपची एकही फेरी होत नाही आणि नेमका तेव्हा भाजक शून्य असतो. मूळ प्रोग्राम भागाकारापर्यंत पोचलाच नसता. सुधारलेला प्रोग्राम पहिल्याच पावलाला कोसळतो. वेग वाढवण्याच्या नादात अर्थ बदलला. अशा फटी शोधण्याची आणि बुजवण्याची खटपट पुढे साठ वर्षं चालली, आणि 'अर्थ बदलला' म्हणजे नेमकं काय बदललं, हा प्रश्न तिच्यात पुन्हापुन्हा समोर आला.

प्रश्नाला गणिताच्या अंगाने पहिला हात घातला जॉन मॅकार्थी आणि जेम्स पेंटर यांनी. १९६७मध्ये छापून आलेला त्यांचा निबंध आज वाचला तर त्यातला कम्पायलर खेळण्यातला वाटतो. भाषेत फक्त संख्या, चल आणि बेरीज. यंत्राला एकच संचयक आणि चारच आज्ञा. पण सिद्धतेत एक बारीक जागा आहे. कम्पायलर मधली उत्तरं कुठे तरी तात्पुरती लिहून ठेवतो, म्हणजे स्मृतीच्या काही कप्प्यांत मूळ प्रोग्रामला ठाऊक नसलेला मजकूर येतो. मग दोन्ही स्थिती 'समान' कशा म्हणायच्या? मॅकार्थी-पेंटर यांनी समानतेचं एक खास चिन्ह वापरलं: अमुक क्रमांकानंतरचे कप्पे सोडून बाकी सगळं समान. कशाकडे काणाडोळा करायचा ते आधी उघड सांगायचं आणि मग सिद्धता लिहायची. या क्षेत्रातली सगळ्यात महत्त्वाची युक्ती या लहानशा चिन्हात होती, असं माझं मत आहे. त्या वेळी ती निव्वळ सोय वाटली असणार.

ही सिद्धता कागदावरची होती. कागदावर माणूस 'हे उघडच आहे' असं लिहून पुढे सरकू शकतो. १९७२मध्ये स्टॅनफर्डला रॉबिन मिल्नर आणि रिचर्ड वेरॉक यांनी कम्पायलरची सिद्धता यंत्राकडून तपासून घेण्याचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी मिल्नर एडिंबरोला गेले आणि तिथे त्यांना एक वेगळी काळजी लागली: सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्राममध्येच चूक असली तर? त्यावर त्यांनी काढलेला तोडगा अफलातून होता. सिद्धता लिहिण्यासाठी त्यांच्या गटाने एमएल ही नवी भाषा केली आणि तिच्यात 'प्रमेय' नावाचा एक टाइप, म्हणजे मूल्यांची एक जात, ठेवला. या टाइपची वस्तू कोणालाही हाताने घडवता येत नाही. तर्काचे जे मोजके नियम आत बसवले आहेत, त्यांतूनच ती बाहेर पडते. बाकीचा हजारो ओळींचा कोड कितीही गचाळ असो, त्याला खोटं प्रमेय तयार करता येणार नाही, कारण टाइप तपासणीच ते अडवेल. १९७८मध्ये मिल्नरनी टाइपांचा सिद्धांत मांडला आणि टाइप-तपासणीतून पार पडलेला प्रोग्राम ठरावीक प्रकारच्या गोंधळात सापडणारच नाही, हे सिद्ध केलं. एमएलचं घराणं मोठं आहे. फ्रान्समध्ये त्यातून कॅमल आणि पुढे ओकॅमल झाली, आणि ओकॅमलमध्ये कॉक हे सिद्धता-यंत्र लिहिलं गेलं. त्याची गाठ पुढे पडेल.

कम्पायलर लिहिणाऱ्यांना या तर्कशास्त्राशी फारसं देणंघेणं नव्हतं. फ्रान्सिस ॲलन १९५७मध्ये आयबीएममध्ये आल्या त्या शास्त्रज्ञांना फोरट्रान शिकवायला, आणि पुढे कम्पायलरने प्रोग्रामचा अभ्यास कसा करावा याची पद्धतशीर घडी त्यांनीच बसवली. १९७३मध्ये बॉस्टनला 'पॉपल' ही परिषद पहिल्यांदा भरली. तिथे गॅरी किल्डॉल या तरुणाने अशा सगळ्या अभ्यासांना एकाच साच्यात बसवणारी रीत मांडली. हे तेच किल्डॉल, ज्यांनी लवकरच सीपी/एम ही कार्यप्रणाली लिहिली. नाव झालं ते तिच्यामुळे. त्यांची ती रीत मात्र आजही कम्पायलरच्या पोटात धावते आहे आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

किल्डॉल यांच्या रीतीने उत्तर मिळत होतं. पण त्या उत्तराचा, प्रोग्राम प्रत्यक्ष चालताना जे घडतं त्याच्याशी संबंध काय, हे तिथे सांगितलेलं नव्हतं. तो दुवा ग्रनोबलमधल्या एका जोडप्याने जोडला. राधिया कूझो यांचा जन्म १९४७चा, ट्युनिशियातल्या साकिएत सिदी युसुफ या सीमेवरच्या गावचा. ८ फेब्रुवारी १९५८ रोजी, अल्जीरियाचं युद्ध पेटलेलं असताना, फ्रेंच विमानांनी त्या गावावर बाँब टाकले. शाळाही त्यातून सुटली नाही. राधिया वाचल्या. पुढे त्याच फ्रान्समध्ये शिकायला आल्या आणि पॅट्रिक कूझो यांच्यासोबत त्यांनी आयुष्यभराचं काम उभं केलं. ऑगस्ट १९७६मध्ये दोघांनी पॉपलकडे शंभर पानांचं हस्तलिखित धाडलं. जानेवारी १९७७मध्ये लॉस एंजेलिसला तो निबंध सादर झाला आणि 'ॲब्स्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशन' हे नाव रूढ झालं.

कल्पना अशी. प्रोग्राम चालताना काय काय होऊ शकतं याची पूर्ण यादी करणं अशक्य आहे. ट्युरिंग आणि राइस या गणितज्ञांनी ते दार फार आधी बंद करून ठेवलं. मग प्रोग्राम खऱ्या संख्यांवर चालवण्याऐवजी संख्यांच्या वर्णनावर चालवायचा. आपल्या पाटीगणितात गुणाकाराचा पडताळा नऊ काढून घेत, तसं: आकड्याच्या जागी त्याची सावली ठेवायची आणि हिशोब सावल्यांचा करायचा. अट एकच, सावलीने खऱ्याला कधी वगळता कामा नये. ती जास्तीचं काही घेऊ शकते, कमी मात्र नाही. खरं आणि वर्णन यांच्यातला हा करार कूझो दांपत्याने गाल्वाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडणीत काटेकोरपणे लिहिला.

एक उदाहरण जवळून पाहू. चल शून्यापासून सुरू होतो. तो शंभराहून लहान आहे तोवर दर फेरीला त्यात एक मिळवायचा. वर्णन म्हणून मध्यंतर घेऊ, म्हणजे 'इथपासून तिथपर्यंत'. लूपच्या तोंडाशी आधी ० ते ० मिळतं, एक फेरी झाल्यावर ० ते १, मग ० ते २. असं एकेक पाऊल चाललो तर शंभर फेऱ्या लागतील, आणि मर्यादा शंभरऐवजी अब्ज असती तर बसा मोजत. कूझोंची चाल अशी की वरची बाजू सारखी वाढते आहे असं दिसलं की तिला सरळ अनंतावर टाकायची: ० ते अनंत. उत्तर खरं आहे, पण ढोबळ. आता एकदा माघारी यायचं. लूपच्या आत शिरायला 'शंभराहून लहान' ही अट आहे, म्हणजे आत ० ते ९९. एक मिळवल्यावर १ ते १००. सुरुवातीचा शून्य धरून लूपच्या तोंडाशी ० ते १००. बाहेर पडताना चल शंभराहून लहान नसतो, म्हणजे नेमका १००. तीन-चार पावलांत काम झालं. आणि लूपच्या आत शंभर घरांच्या ओळीतलं त्या क्रमांकाचं घर उघडलं जात असेल, तर 'क्रमांक हद्दीत आहे ना' ही दर फेरीची तपासणी कम्पायलर बिनधास्त काढून टाकू शकतो. विश्लेषणाने रूपांतराला दिलेला हा परवाना, आणि तो कशाच्या जोरावर दिला याचा कागद हाताशी असतो.

वीस वर्षं हे सगळं मुख्यतः विद्यापीठांतच राहिलं. मग ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियान ५ हा अग्निबाण पहिल्यांदा उडाला आणि साधारण ४० सेकंदांत फुटला. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली जात होती. तिथे ३२,७६७च्या वर जागा नाही. हा भाग एरियान ४मधून जसाच्या तसा उचललेला. जुना बाण इतक्या वेगाने आडवा जातच नसे. आणि कहर म्हणजे एरियान ५ने जमीन सोडल्यावर त्या हिशोबाचा काही उपयोगही नव्हता. मध्यंतरांचं विश्लेषण नेमकं याच जातीची चूक पकडतं. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये कूझोंच्या गटाने २००१मध्ये आस्त्रे हा विश्लेषक लिहायला घेतला. नोव्हेंबर २००३मध्ये त्याने एअरबस ए३४०च्या मुख्य उड्डाण-नियंत्रणाचा १,३२,००० ओळींचा सी प्रोग्राम तपासला आणि त्यात चालतेवेळी अशी एकही चूक होऊ शकत नाही हे सिद्ध केलं. लागला वेळ एक तास वीस मिनिटं, २.८ गिगाहर्ट्झच्या साध्या पीसीवर. खोटी हाकाटी एकही नाही, आणि हे सगळ्यात अवघड. कारण सावलीत जास्तीचं आलं की विश्लेषक नसलेल्या चुकांच्या नावाने ओरडत सुटतो.

पण विमान काही सी भाषेवर उडत नाही. ते उडतं कम्पायलरने काढलेल्या यंत्राज्ञांवर. वरच्या मजल्यावर कितीही कडक सिद्धता केली तरी जिन्यात कम्पायलर उभा. विमानाच्या क्षेत्रात त्यावर उपाय काय? कम्पायलरची हुशारी बंद ठेवायची आणि निघालेला कोड मूळ ओळींशी ताडून पाहायचा. कोड तपासणारी बॅकसच्या गटाची पेन्सिल अजून खाली ठेवता आली नव्हती.

१९९०च्या दशकात या जिन्यावर दोन दिशांनी चढाई झाली. एक टाइपांची. कार्नेगी मेलनच्या टीआयएल कम्पायलरने (१९९६) ठरवलं की रूपांतराच्या टप्प्यांमध्येही टाइप फेकून द्यायचे नाहीत. अधलीमधली भाषाही टाइपांची ठेवायची आणि हवं तेव्हा पुन्हा तपासून घ्यायचं. कॉर्नेलच्या ग्रेग मॉरिसेट आणि मंडळींनी १९९८मध्ये ते पार असेंब्लीपर्यंत नेलं. यातून अर्थ टिकला हे सिद्ध होत नाही. बेरजेच्या जागी वजाबाकी टाकली तरी टाइप तेच राहतात. पण रूपांतरात झालेले कितीतरी घोटाळे टाइपांच्या चाळणीत अडकतात आणि तेही फार स्वस्तात. दुसरी दिशा अमीर प्नुएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, १९९८ची: कम्पायलर बरोबर आहे हे सिद्ध करत बसू नका. तो दर वेळी जे काढून देतो, तेवढंच मुळाशी ताडून पाहा. (कल्पनेचं बीज स्टॅनफर्डच्या हनन सामेत यांच्या १९७५च्या प्रबंधात आहेच.) दोनच वर्षांत जॉर्ज नेकुला यांनी ही तपासणी जीसीसीसारख्या प्रत्यक्ष वापरातल्या कम्पायलरवर करून दाखवली. त्या आधी, जानेवारी १९९७च्या पॅरिसच्या पॉपलमध्ये याच नेकुलांनी कोडसोबत त्याची सिद्धताही धाडण्याची कल्पना मांडली होती, आणि त्याच परिषदेत पॅट्रिक कूझो यांनी दाखवलं की टाइप हीसुद्धा एक सावलीच आहे. टाइपवाले आणि विश्लेषणवाले आपापल्या चुली मांडून बसले होते. कूझोंनी सांगितलं, चूल एकच आहे. टाइपवाल्यांना ते कितपत रुचलं, हा भाग अलाहिदा.

२००२मध्ये कूझो दांपत्याने रूपांतरांनाच हात घातला. प्रोग्रामचा मजकूर बदलणं ही वरवरची गोष्ट; खरा बदल त्याच्या सगळ्या शक्य वाटचालींत होतो. तेव्हा आधी वाटचालींवरचं रूपांतर लिहा, मग काय पाहायचं ते ठरवा, म्हणजे निरीक्षणाची सावली निवडा. दोन्ही प्रोग्राम त्या सावलीत सारखे दिसले तर रूपांतर बरोबर. मजकुरावरचं रूपांतर त्यातूनच काढता येतं. मॅकार्थी-पेंटरच्या 'अमुक कप्पे सोडून समान' या चिन्हाला पस्तीस वर्षांनी पूर्ण सिद्धांत मिळाला. सरसकट 'समान' असं काही नसतंच. काय विसरायचं यावर सह्या झाल्या की मग समानता सुरू होते.

महाराष्ट्रात या क्षेत्राचं काम आधीपासून होतं. आपल्याकडे इंजिनिअरिंगला सिस्टम्स प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांना धनंजय ढमढेरे हे नाव पाठ्यपुस्तकावरून ठाऊक असतं. आयआयटी मुंबईच्या ढमढेरे सरांनी मोरेल आणि राँव्वाझ यांच्या १९७९च्या रूपांतरावर, म्हणजे तोच हिशोब काही वाटांवर दोनदा होत असेल तर तो काढून टाकण्यावर, जगभर दखल घेतली गेली असं काम केलं. सप्टेंबर २००६मध्ये पुण्याला भरलेल्या एसईएफएम परिषदेत आयआयटी मुंबईच्याच आदित्य कानडे, अमिताभ सन्याल आणि उदय खेडकर यांनी रूपांतरं तपासण्याची आपली चौकट मांडली. मोठं रूपांतर लहान मूळ पावलांत मोडायचं. 'ही अट पाळली तर हे पाऊल सुरक्षित' हे पीव्हीएस या सिद्धता-यंत्रात एकदाच सिद्ध करून ठेवायचं. नंतर फक्त अटी पाळल्या का ते पाहायचं.

त्याच वर्षाच्या जानेवारीत फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधन संस्थेच्या झाव्हिए लरुआ यांनी पॉपलमध्ये कॉम्पसर्ट दाखवला. लरुआ म्हणजे ओकॅमलचे कर्ते. मिल्नरच्या घराण्यातलाच माणूस. सी भाषेचा खराखुरा कम्पायलर, त्याचा गाभा कॉकमध्ये लिहिलेला आणि तिथेच सिद्ध केलेला. २००९च्या सुमारास हा सगळा पसारा कॉकच्या साधारण ४२,००० ओळींचा होता आणि त्यातला बराच मोठा भाग सिद्धतेचा. लरुआंनी सगळं सिद्ध करण्याचा हट्ट धरला नाही, हे मला विशेष वाटतं. कोणतं मूल्य कोणत्या रजिस्टरमध्ये ठेवायचं याचं कोडं सोडवणारा भाग त्यांनी असिद्धच ठेवला आणि त्याचं उत्तर तपासणारा लहानसा भाग तेवढा सिद्ध केला. प्नुएलींची युक्ती सिद्ध कम्पायलरच्या आतच बसवली. २०११मध्ये युटा विद्यापीठाच्या जॉन रेगेर यांच्या गटाने सीस्मिथ या साधनाने यदृच्छया सी प्रोग्राम पाडून कम्पायलरांना अक्षरशः झोडपलं. तीन वर्षांत त्यांनी निरनिराळ्या कम्पायलरांतल्या ३२५हून जास्त चुका कळवल्या. कॉम्पसर्टच्या असिद्ध कडांना काही सापडल्या. सिद्ध झालेल्या मधल्या भागात, भरपूर यंत्रवेळ खर्चूनही, चुकीचा कोड काढणारी एकही नाही.

काढलेला कोड मूळ प्रोग्रामसारखाच वागतो, या कॉम्पसर्टच्या प्रमेयाला एक 'जर' आहे: मूळ प्रोग्रामचं वागणं सी भाषेच्या नियमांत ठरलेलं असेल, तर. या 'जर'ची किंमत २००९मध्ये लिनक्सने मोजली. कर्नलमधल्या टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एका फंक्शनची सुरुवातीची ओळ एका पॉइंटरमागची, म्हणजे त्यात नोंदलेल्या पत्त्यावरची, माहिती उचलत होती. काही ओळींनंतर 'हा पॉइंटर रिकामा असेल तर चूक कळवून परत फिर' अशी तपासणी होती. क्रम चुकला होता, एवढंच. जीसीसीने विचार केला: पॉइंटरमागचं आधीच वाचलं आहे, तो रिकामा असता तर नियमानुसार प्रोग्रामला अर्थच उरला नसता, म्हणजे तो रिकामा नाही, म्हणजे ही तपासणी निरुपयोगी. काढून टाकली. एरवी रिकामा पॉइंटर वाचताच कर्नल तिथल्या तिथे कोलमडला असता. पण शून्य पत्त्यावर आपलं पान आधीच मांडून ठेवणाऱ्या हल्लेखोराला तसं होऊ द्यायचं नव्हतं. वाचन सुखरूप झालं, तपासणी गायब होती, आणि जुलैमध्ये कर्नलचा ताबा घेणारा हल्ला जाहीर झाला. मग कर्नल बांधताना रिकाम्या पॉइंटरच्या तपासण्या काढू नकोस असं जीसीसीला बजावणारा पर्याय जोडला गेला.

वाद भरपूर झाला आणि बहुतेकांनी कम्पायलरला शिव्या घातल्या. विश्लेषण म्हणून जीसीसीचा युक्तिवाद निर्दोष होता. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आणि कम्पायलरने 'समान' या शब्दाखाली वेगवेगळ्या करारांवर सह्या केल्या होत्या.

मग उघडच आहे, कम्पायलर सिद्ध झाला तरी मूळ प्रोग्राम त्या 'जर'च्या आत आहे हेही कोणी तरी सिद्ध करायला हवं, आणि ते करणारा विश्लेषकही सिद्ध असायला हवा. जानेवारी २०१५मध्ये पॉपल पहिल्यांदा भारतात, मुंबईत भरली. तिथे झाक-आँरी जूर्दाँ, व्हँसाँ लापोर्त, साँद्रीन ब्लाझी, लरुआ आणि दाव्हीद पिशार्दी यांनी व्हेरास्को सादर केला. कूझोंच्या वळणाचा हा विश्लेषक, मध्यंतरांपासून बहुफलकांपर्यंत सावल्या वापरणारा, कॉकमध्ये सिद्ध केलेला आणि कॉम्पसर्टला जोडलेला. सी भाषेतून पुनरावर्तन आणि चालतेवेळी स्मृती मागणं वगळलेलं. राधिया कूझो मे २०१४मध्ये गेल्या होत्या. त्यांना हे पाहायला मिळालं नाही.

कॉम्पसर्टच्या प्रमेयात वेळ नाही. प्रोग्राम बाहेर काय पाठवतो, थांबतो की नाही, एवढंच त्यात मोजलं जातं. किती वेळात, ते विसरायचं ठरलेलं आहे. गुप्तलेखन करणाऱ्यांना नेमकं हेच परवडत नाही. गुप्त किल्लीतल्या बिटांप्रमाणे वेळ बदलला तर घड्याळ लावून बसलेला माणूस किल्ली ओळखतो. म्हणून ते मुद्दाम असा कोड लिहितात, ज्याची वाट गुपितावरून ठरत नाही, आणि प्रामाणिक, सिद्धसुद्धा, कम्पायलर ती शिस्त सहज मोडू शकतो. २०२०च्या पॉपलमध्ये ब्लाझी, लापोर्त आणि पिशार्दी यांच्यासह सात जणांनी कॉम्पसर्टची थोडीशी बदललेली आवृत्ती आणली आणि ती हीही शिस्त राखते हे सिद्ध केलं. त्यासाठी एकेक टप्पा पुन्हा उघडून, या वेळी कोणत्या वाटा घेतल्या गेल्या आणि स्मृतीतले कोणते पत्ते वाचले गेले तेही निरीक्षणात धरून, प्रमेयं नव्याने लिहावी लागली.